आयकॉन दिसतो, पण कळतो का? डेस्कटॉप ॲपमधल्या लेबलची गोष्ट

(हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बघा' थोडे कमी केलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय. भागात कोड बोलून सांगितलाय, त्यामुळे क्लास आणि मेथडची नावं इथेही आपल्याच अक्षरांत दिसतील.)

[००:००] एक्केचाळीस नोंदी

बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, नाहीतर भांडी घासताना कानात इअरफोन घातले असतील, तर आजचा भाग निवांत ऐका. आज आपण प्रोग्रॅमिंगमधल्या सगळ्यात साध्या गोष्टीबद्दल बोलणार आहोत. लेबल. खिडकीवर एक शब्द दाखवायचा, त्याच्या शेजारी एक छोटं चित्र. बास, एवढंच. कॉलेजमध्ये जीयूआयच्या पहिल्या प्रॅक्टिकलला करतो आणि नंतर विसरून जातो, ती गोष्ट.

पण आधी एक किस्सा सांगते. बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला होते तेव्हाचा.

माझ्या मामाचं गावात दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन येतात, दूध मोजायचं, फॅट काढायचं, नोंद करायची, कार्डावर लिहून द्यायचं. मामा म्हणाला, "एवढं इंजिनिअरिंग करतेस, तर आपल्या डेअरीसाठी एक सॉफ्टवेअर कर की." मला काय, हौस होतीच. सुट्टीत बसून जावा स्विंगमध्ये एक डेस्कटॉप ॲप केलं. दिसायला एकदम झकास. वर चार आयकॉन. फ्लॉपी, प्रिंटर, कचऱ्याचा डबा आणि एक गोल फिरलेला बाण. शब्द एकही नाही. मला वाटलं, शब्दांनी गर्दी होते, आयकॉन कसे स्वच्छ दिसतात!

केंद्रावर नोंदी करायला एक काका बसायचे. गेली कित्येक वर्षं तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एका सभासदाचे लिटर चुकीचे टाकले. चूक लगेच लक्षात आली. त्यांनी वर पाहिलं, मागे वळलेला बाण दिसला. मागे जायचंय, बाण मागे वळलाय, म्हणजे हेच. त्यांनी दाबलं.

माझ्या डोक्यात त्या बाणाचा अर्थ होता 'नवीन सत्र सुरू'. सकाळचं दूध संपलं की टेबल रिकामं करायचं आणि संध्याकाळसाठी तयार व्हायचं. एकाच क्लिकमध्ये एक्केचाळीस लोकांच्या नोंदी गेल्या. 'नक्की ना?' असं विचारायचंही मी ठेवलं नव्हतं आणि तोपर्यंतचा डेटा फाइलमध्ये जतनही होत नव्हता. दर दहा दिवसांनी ज्या आकड्यांवर बिल निघतं, ते आकडे. त्या दिवशी संध्याकाळी दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाकडून कार्ड मागून सकाळचे आकडे परत टाकले. रात्री नऊ वाजले.

पण मला खरं लागलं ते वेगळंच. मी गेले तेव्हा काका म्हणाले, "माझंच चुकलं गं पोरी. आम्हाला काय कळतंय कॉम्प्युटरमधलं."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. चूक माझी होती. आणि ती एका शब्दाने टळली असती.

तर आजचा विषय हा: आयकॉन आणि शब्द. दोघं एकत्र कसे ठेवायचे, टूलकिट त्यासाठी काय देतं आणि आपण नेमकं कुठे घसरतो.

[०३:४०] चित्रांच्या आधीपासून शब्द होतेच

थोडा इतिहास, पटकन. कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या चित्राला 'आयकॉन' हा शब्द रूढ झाला तो डेव्हिड कॅनफील्ड स्मिथ यांच्यामुळे. १९७५ साली स्टॅनफर्डमध्ये त्यांनी पीएचडीचा प्रबंध लिहिला, त्यात तो आला. पुढे तेच झेरॉक्सच्या 'स्टार' या कॉम्प्युटरच्या टीममध्ये होते. स्टार बाजारात आला १९८१ मध्ये. ऑफिसात जे दिसतं तेच पडद्यावर: कागद, फोल्डर, प्रिंटर.

मग १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश. त्याचे आयकॉन सुझन केअर यांनी काढले, बत्तीस बाय बत्तीस ठिपक्यांच्या चौकटीत, फक्त काळा आणि पांढरा रंग. आणि आता बघा, त्या मॅकच्या डेस्कटॉपवर कचऱ्याची बादली होती. बादलीसारखी बादली, कुणालाही ओळखू येईल अशी. तरीही तिच्या खाली नाव लिहिलेलं होतं. इतकं स्पष्ट चित्र असूनही त्यांनी शब्द काढून टाकला नाही.

दुसरं उदाहरण मायक्रोसॉफ्टचं. ऑफिसच्या टीममधल्या जेन्सन हॅरिस यांनी आउटलुकच्या जुन्या टूलबारबद्दल लिहिलंय. आधी त्यात नुसते आयकॉन होते आणि नवखे लोक टूलबार वापरतच नव्हते. टीमने आयकॉन बदलून पाहिले, जागा बदलून पाहिल्या. फरक पडला तो महत्त्वाच्या बटणांवर शब्द लिहिल्यावर. लोक टूलबार वापरायला लागले.

तुमच्या हातातल्या फोनचंच घ्या. व्हॉट्सॲपच्या टॅबमध्ये आयकॉन आहेत आणि आयकॉनखाली शब्दही आहेत. जगातले इतके लोक रोज वापरतात ते ॲप, त्यांना वाटलं असतं तर शब्द काढून टाकले असते. नाही काढले.

माझं स्वतःचं मत असं झालंय. आयकॉन आठवण करून देतो आणि शब्द अर्थ सांगतो. ज्याने ॲप शंभर वेळा वापरलंय त्याला आयकॉन पुरतो, नजर थेट तिथे जाते. जो पहिल्यांदा बसलाय त्याला शब्द लागतो. आणि प्रत्येक माणूस कधी ना कधी पहिल्यांदा बसतोच.

[०६:१०] लेबल सांगतं, बटण करतं

आता कोडकडे येऊ. मी जावा स्विंगचं उदाहरण घेणार आहे. स्विंग जुनं आहे, १९९८ च्या जावा १.२ पासून जावासोबत येतं, पण कॉलेजात अजून शिकवतात आणि बऱ्याच ऑफिसांत त्यातली ॲप अजून चालू आहेत. पायथनवाल्यांनो, थांबा, तुमचंही येणार आहे.

स्विंगमध्ये लेबलचा क्लास आहे 'जे-लेबल'. त्याला तुम्ही नुसता मजकूर देऊ शकता, नुसता आयकॉन देऊ शकता, किंवा दोन्ही. दोन्ही द्यायचं तर कन्स्ट्रक्टरमध्ये तीन गोष्टी जातात: मजकूर, आयकॉन आणि अलाइनमेंट. म्हणजे 'दूध संकलन' हा शब्द आणि शेजारी किटलीचं चित्र हे एकाच कंपोनंटमध्ये बसतं. त्यासाठी दोन वेगळी लेबलं शेजारी-शेजारी ठेवायची गरज नाही. सुरुवातीला बरेच जण तसं करतात, मीही केलंय.

इथे पहिला नियम लक्षात ठेवा. लेबल फक्त सांगतं. त्याला कीबोर्डचा फोकस मिळत नाही. टॅब दाबत गेलात तर लेबलवर थांबत नाही, सरळ पुढे जातं. ते बरोबरच आहे, कारण तिथे करण्यासारखं काही नसतं.

आणि मी काय केलं होतं? ते चार आयकॉन मी जे-लेबल म्हणून ठेवले होते आणि त्यांना माउस-लिसनर लावला होता! का, तर बटणाची चौकट मला आवडत नव्हती. परिणाम काय? कीबोर्डने त्यांच्यापर्यंत पोचता येत नव्हतं. दाबल्यासारखं दिसत नव्हतं. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला ते बटण आहे हेसुद्धा कळलं नसतं.

तर दाबल्यावर काही घडणार असेल तर बटण वापरा. चौकट नको असेल तर ती बंद करायची सोय बटणातच आहे, 'सेट-बॉर्डर-पेंटेड'ला फॉल्स द्या. फक्त काही दाखवायचं असेल तर लेबल. गंमत म्हणजे मजकूर आणि आयकॉन एकत्र बसवायच्या ज्या मेथड आता सांगणार आहे, त्या बटणालाही त्याच नावाने लागू होतात. एकदा शिका, दोन्हीकडे वापरा.

[०८:३०] तीन स्क्रू, आणि दोघांत होणारा गोंधळ

लेबलला जागा ठरवणारे तीन स्क्रू आहेत असं समजा.

पहिला, 'सेट-हॉरिझॉन्टल-अलाइनमेंट'. लेबलला मिळालेल्या जागेत, मजकूर आणि आयकॉन यांची जोडी कुठे बसणार, ते हा ठरवतो. डावीकडे, मध्ये की उजवीकडे. उभ्या दिशेसाठी याचाच भाऊ आहे, 'सेट-व्हर्टिकल-अलाइनमेंट'.

दुसरा, 'सेट-हॉरिझॉन्टल-टेक्स्ट-पोझिशन'. हा ठरवतो की आयकॉनच्या तुलनेत मजकूर कुठे. याचाही उभा भाऊ आहे.

तिसरा, 'सेट-आयकॉन-टेक्स्ट-गॅप'. दोघांमधलं अंतर. काही सांगितलं नाही तर जे-लेबलमध्ये ते चार पिक्सेल असतं.

गोंधळ होतो तो पहिल्या दोघांत. एक उदाहरण घ्या. एसटीच्या दोघांच्या सीटवर नवरा-बायको बसलेत. त्यांची सीट बसमध्ये डावीकडे की उजवीकडे, ही झाली अलाइनमेंट. आणि दोघांत खिडकीजवळ कोण बसणार, ही झाली टेक्स्ट पोझिशन. सीट हलवली म्हणून खिडकीचं भांडण मिटत नाही!

आणखी एक. लेबल त्याच्या मजकुराएवढंच रुंद असेल तर अलाइनमेंट बदलून काहीच दिसत नाही. सीटएवढीच बस असेल तर सीट सरकवणार कुठे? "मी सेंटर दिलं तरी मधे येत नाही" अशी तक्रार असेल, तर आधी लेबलला एक रंग देऊन त्याची खरी हद्द बघा. आणि रंग देताना 'सेट-ओपेक'ला ट्रू द्यायला विसरू नका. जे-लेबल मुळात पारदर्शक असतं. ओपेक केल्याशिवाय 'सेट-बॅकग्राउंड' कितीही वेळा लिहा, पडद्यावर ढिम्म काही होत नाही. या एका ओळीसाठी मी एकदा अर्धी रात्र घालवली आहे.

आता फोनसारखं, वर आयकॉन आणि खाली शब्द हवाय? मग दोन ओळी लागतात. आडव्या टेक्स्ट पोझिशनला 'सेंटर' आणि उभ्या टेक्स्ट पोझिशनला 'बॉटम'. दोन्ही हव्यात. नुसतं आडवं सेंटर दिलंत तर शब्द थेट चित्राच्या अंगावर जाऊन बसतो, कारण उभी पोझिशन आधीपासून सेंटरच असते.

डावी-उजवीसाठी 'लेफ्ट' आणि 'राइट' लिहिण्याऐवजी 'लीडिंग' आणि 'ट्रेलिंग' लिहायची सवय लावा. लीडिंग म्हणजे वाचायला सुरुवात होते ती बाजू. मराठीत ती डावी, उर्दूत उजवी. उद्या कुणी तुमचं ॲप उर्दूत नेलं आणि खिडकीची दिशा बदलली, तर लेबलं आपोआप वळतात.

[११:५०] चित्र गेलं कुठे?

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. "कोड बरोबर आहे, एरर नाही, पण आयकॉन दिसत नाही."

स्विंगमध्ये 'इमेज-आयकॉन'ला तुम्ही फाइलचं नाव दिलं आणि ती फाइल तिथे नसेल, तर तो ओरडत नाही. एक्सेप्शन येत नाही. तो गुपचूप रिकामा आयकॉन देतो, ज्याची रुंदी उणे एक असते. तुमच्या लॅपटॉपवर चित्र दिसतं, कारण प्रोजेक्टचं फोल्डर तिथे आहे. जार फाइल करून दुसऱ्याच्या मशीनवर नेलं की गायब.

उपाय असा: चित्रं जारच्या आतच ठेवा आणि क्लासच्या 'गेट-रिसोर्स' मेथडने मागा. चित्र सापडलं नाही तर ती मेथड नल देते. ते नल तिथेच तपासा आणि लॉगमध्ये लिहा. आणि लेबलवर शब्द असेलच, त्यामुळे चित्र हरवलं तरी खिडकी मुकी होत नाही. शब्द ठेवायचं हे आणखी एक कारण.

पायथनवाले, आता तुम्ही. टीके-इंटरमध्ये वेगळी गंमत आहे. फंक्शनच्या आत तुम्ही 'फोटो-इमेज' तयार करता, लेबलला देता, फंक्शन संपतं. चित्राकडे बोट दाखवणारं पायथनमधलं व्हेरिएबल संपलं, की पायथन ते चित्र साफ करून टाकतो. लेबल जागेवर, जागाही तेवढीच सुटलेली, पण चित्र कोरं. उपाय एका ओळीचा आहे. ते चित्र लेबलच्याच एखाद्या ॲट्रिब्यूटमध्ये किंवा तुमच्या क्लासच्या सेल्फमध्ये धरून ठेवा.

टीके-इंटरमध्ये दुसरं म्हणजे मजकूर आणि चित्र दोन्ही दिलंत, तर एरवी फक्त चित्र दिसतं. शब्दही हवा असेल तर 'कंपाउंड' नावाचा पर्याय द्यावा लागतो. लेफ्ट म्हणजे चित्र डावीकडे, टॉप म्हणजे चित्र वर. लक्षात घ्या, स्विंगमध्ये आपण शब्दाची जागा सांगतो, इथे चित्राची. उलटं आहे.

आणि क्यूटी वापरत असाल तर 'क्यू-लेबल'ला पिक्समॅप दिला की आधीचा मजकूर पुसला जातो. मजकूर दिला की पिक्समॅप जातो. एका वेळी एकच. टूलबारवरचं 'क्यू-टूल-बटण' दोन्ही दाखवू शकतं, पण त्याची मूळ सेटिंग 'फक्त आयकॉन' अशी आहे. बदलून 'आयकॉनखाली मजकूर' अशी करावी लागते. म्हणजे बघा, टूलकिटच आपल्याला शब्द लपवायला शिकवतं, आणि आपण न विचारता तसं करतो.

[१४:३०] 'दूध'चं 'दध' होतं तेव्हा

आता आपला खास विषय. मराठी लेबल.

माझ्या ॲपमध्ये मी लेबलांची उंची हाताने ठरवली होती, सोळा पिक्सेल. इंग्रजी अक्षरांना ती पुरली. मराठी टाकल्यावर मजा झाली. आपल्या लिपीत अक्षराच्या वरही काही असतं आणि खालीही. मात्रा, रफार, अनुस्वार वर. उकार, ऋकार खाली. खालचं कापलं गेलं आणि 'दूध'चं झालं 'दध'. 'एकूण'चं झालं 'एकण'. फॉन्ट वाढवून बघितला तर वरचं गेलं, 'फॅट'चं 'फट'!

चूक फॉन्टची नव्हती. लेबलची उंची-रुंदी आकड्यात लिहिणं हीच चूक. प्रत्येक लेबलला स्वतःला किती जागा हवी ते माहीत असतं, त्याला प्रिफर्ड साइज म्हणतात. लेआउट मॅनेजर वापरा आणि शेवटी खिडकीवर 'पॅक' बोलवा. मग ज्याला जेवढी जागा हवी तेवढी मिळते. रुंदी कमी पडली तर जे-लेबल शेवटी तीन टिंबं दाखवतं. 'सभासद क्र...' असं दिसलं, तर समजा जागा कुठेतरी अडली आहे.

दोन ओळींचा मजकूर हवा असेल तर नुसतं बॅकस्लॅश-एन देऊन जे-लेबल ओळ मोडत नाही. मजकुराच्या सुरुवातीला एचटीएमएलचा टॅग लिहून मध्ये बीआर टॅग द्यावा लागतो.

मग येतो अक्षरांचा प्रश्न. खिडकीवर मराठीऐवजी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच चिन्हं दिसतायत? मग गडबड एन्कोडिंगची. जावा ९ च्या आधी प्रॉपर्टीज फाइल लॅटिन-१ समजून वाचली जायची, त्यामुळे मराठीतलं प्रत्येक अक्षर युनिकोडच्या आकड्यात लिहावं लागायचं. २०१७ च्या जावा ९ पासून रिसोर्स बंडलसाठी त्या फाइली यूटीएफ-८ म्हणून वाचल्या जातात. आणि २०२२ च्या जावा १८ पासून तर एकूणच डिफॉल्ट यूटीएफ-८ झालं. कॉलेजच्या लॅबमध्ये अजून जावा ८ असेल, तर तुमच्या मशीनवरचं नीट दिसणारं मराठी तिथे का बिघडतं, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

प्रश्नचिन्हं नाहीत पण रिकामे चौकोन दिसतायत? मग निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. 'डायलॉग' किंवा 'सॅन्स-सेरिफ' ही जावाची स्वतःची नावं वापरलीत तर तो मशीनवरच्या अनेक फॉन्टमधून अक्षर शोधतो. पण खात्री हवी असेल तर फॉन्ट ॲपसोबतच द्या. नोटो सॅन्स देवनागरी आहे, मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' आहे. दोन्ही मोफत आणि खुल्या परवान्याचे. ते निवडल्यावर 'किटल्या', 'दऱ्या', 'र्‍हास', 'कृषी' असे शब्द लेबलवर टाकून बघा. ऱ्य आणि र्‍ह नीट दिसले, म्हणजे आपलं काम झालं.

[१७:५०] लेबल कुणाचं आहे ते सांगा

खिडकीवर 'फॅट' असं लेबल आहे आणि शेजारी एक रिकामी पेटी. डोळ्यांना कळतं की ही पेटी फॅटची. पण प्रोग्रॅमला ते माहीतच नसतं! त्याच्यासाठी ते दोन वेगळे कंपोनंट आहेत, योगायोगाने शेजारी बसलेले.

ते नातं जोडायला जे-लेबलमध्ये 'सेट-लेबल-फॉर' आहे. क्यूटीत त्यालाच 'सेट-बडी' म्हणतात, लेबलचा दोस्त. एक ओळ लिहायची. त्याने दोन गोष्टी होतात. लेबलला शॉर्टकट अक्षर दिलं असेल तर ते दाबल्यावर कर्सर थेट त्या पेटीत जातो. आणि स्क्रीन रीडर त्या पेटीवर आल्यावर 'फॅट' असं वाचून दाखवतो.

स्क्रीन रीडर म्हणजे दृष्टिहीन माणसाला पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. विंडोजवर एनव्हीडीए मोफत मिळतं आणि ते मराठीतही बोलतं. एक काम करा, ते घाला, मॉनिटर बंद करा आणि तुमचं स्वतःचं ॲप वापरून बघा. नुसत्या आयकॉनच्या बटणावर आलात की ते फक्त 'बटण' म्हणेल. पुढे 'बटण'. पुढे 'बटण'. चार बटणं, चारही निनावी. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मला डेअरीतले काका आठवले. त्यांना डोळ्यांनी दिसत होतं, तरी माझं ॲप त्यांच्याशी असंच बोललं होतं.

जागाच नसेल आणि खरोखर नुसता आयकॉन ठेवावा लागला, तर निदान टूलटिप द्या आणि ॲक्सेसिबल नेम द्या. पण टूलटिपवर फार भरवसा नको. ती माउस थांबवल्यावर दिसते. सकाळी सहा वाजता रांगेत तीस जण किटल्या घेऊन उभे असताना कुणी माउस थांबवून वाट बघत नाही.

[२०:००] शब्द कोणते?

आता शेवटचा भाग, आणि कोडपेक्षा अवघड. शब्द लिहायचा ठरलं. पण कोणता?

एकदा मी उत्साहाने 'फॅट'च्या जागी 'स्निग्धांश' लिहिलं होतं. शुद्ध मराठी! काकांनी वाचलं आणि विचारलं, "हे नवीन काय काढलंस?" गावात सगळे फॅट म्हणतात, कार्डावर फॅट छापलंय, भांडणं फॅटवरून होतात. मग लेबलवरही फॅटच हवं. वापरणारा माणूस तोंडाने जो शब्द बोलतो, तोच लेबलवर.

बटणावर क्रियापद लिहा, आणि कशाचं काय होणार ते सांगा. 'ओके' म्हणजे काय ओके? 'नोंद जतन करा' म्हटलं की प्रश्नच उरत नाही. आणि मराठीतला एक सापळा तर सगळ्यांनी पाहिला असेल. खिडकी विचारते, "नोंद रद्द करायची का?" आणि खाली दोन बटणं: 'रद्द करा' आणि 'ठीक आहे'. आता रद्द करायचं असेल तर कुठलं दाबू? 'रद्द करा' म्हणजे नोंद रद्द की रद्द करणंच रद्द? इथे 'नोंद पुसा' आणि 'राहू द्या' असं लिहिलं की माणूस श्वास घेतो.

आणि जे परत आणता येत नाही, त्याच्या बटणाला सगळ्यात लांब आणि सगळ्यात स्पष्ट शब्द द्या. तिथे जागा वाचवू नका.

[२२:००] मग त्या बाणाचं काय झालं?

तो बाण मी काढला नाही. चित्र तेच ठेवलं, फक्त ते आता खऱ्या बटणावर आहे. बटणावर लिहिलंय, 'सकाळचं संकलन संपवा'. दाबल्यावर ते विचारतं, '४१ नोंदी जतन करून संपवू का?' प्रत्येक नोंद आता लगेच फाइलमध्ये जाते. आणि 'शेवटची नोंद दुरुस्त करा' असं वेगळं बटण केलं, कारण काकांना त्या दिवशी तेच हवं होतं आणि मी ते दिलंच नव्हतं.

बदल केल्यावर मी काही समजावून सांगितलं नाही. मुद्दाम. काका खुर्चीत बसले, चष्मा वर केला, वरची बटणं एकेक करून मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "हां, आता बोलायला लागलं हे." बास. माझ्यासाठी तो रिझल्ट होता.

तर मंडळी, आजचा गृहपाठ. तुमचा जो काही प्रोजेक्ट असेल, मिनी प्रोजेक्ट, फायनल इयर, ऑफिसातलं काही, त्याची खिडकी उघडा आणि घरातल्या कुणालातरी समोर बसवा. आई, आजोबा, धाकटी बहीण, कुणीही. काही दाबू देऊ नका. एकेका बटणावर बोट ठेवून फक्त विचारा, "हे दाबलं तर काय होईल असं वाटतं?" मध्ये बोलायचं नाही, समजवायचं नाही. जिथे उत्तर चुकलं तिथे त्यांना शिकवायला जाऊ नका, लेबल बदला. आणि कुणी म्हणालं, "मला यातलं कळत नाही", तर समजून घ्या की अजून एक शब्द लिहायचा राहिलाय.

पुढच्या भागात लेआउट मॅनेजरबद्दल बोलू, कारण खिडकी मोठी केली की सगळी बटणं एका कोपऱ्यात का पळतात, हा प्रश्न बऱ्याच जणांचा आहे. तोपर्यंत ऐकत राहा, करून बघत राहा. भेटूच!